साडेसातला सायबीण

दर वर्षी ईस्टरच्या आधी मी चर्चमध्ये जाऊन कुमसार करते. म्हणजे त्या लाकडी जाळीपाशी गुडघे टेकते आणि पलीकडे बसलेल्या पाद्रीबाबाला वर्षभरातली पापं सांगते. आईवर ओरडले. एक रविवार कंटाळा केला. शेजारणीच्या नव्या फ्रीजचा हेवा केला. अशी आपली चणे-फुटाणे पापं. पाद्रीबाब माफी देतात, प्रार्थना म्हणायला सांगतात, आणि मी सुटल्यासारखं तोंड करून बाहेर येते. सुटले-बिटले काही नसते. जे सांगायचं ते मी तिथे कधी काढतच नाही — इतकी वर्षं झाली, एकदाही नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, पाद्रीबाबाला नाही. देवाला माहीत आहे, पण मी होऊन त्यालाही सांगितलेलं नाही.

मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि मराठीत सांगायचंय म्हणून. आमच्या घरात कोकणी, प्रार्थना कोकणी. पण बाबा सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायला इकडे गोव्यात आलेले, आणि पेडण्यातल्या आमच्या गावाला तेव्हा शाळा होती ती मराठी. त्यामुळे हिशेब मी मराठीत करते, भांडते मराठीत. देवाशी मात्र कोकणीत बोलते, आणि त्या भाषेत हे तोंडातून निघत नाही. किती वेळा घसा खाकरलाय मी त्या जाळीपाशी! पाद्रीबाब विचारतात, आणखी काही? मी म्हणते, नाही, एवढंच.

तर — आधी सायबीण म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सायबीण म्हणजे मारिया माता. पाऊस सरला, भात कापून झालं, की तिची हातभर उंचीची मूर्ती आमच्या वाड्यावर घरोघर फिरते. एक रात्र एका घरात. दिवेलागणीला सगळा ख्रिस्ती वाडा मेणबत्त्या घेऊन जमतो, गात गात तिला एका घरातून उचलतो आणि पुढच्या घरी नेऊन बसवतो. तिथे माळेची प्रार्थना होते, मग उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे, मोठ्यांना घोटभर फेणी, पोरांना सरबत. ज्या घरी ती यायची त्या घराला आठ दिवस आधीपासून चैन नसतं. पडदे धुवा, भिंतीला चुना मारा, कागदी तोरणं कापा. वर्षातून एकदाच सगळा वाडा तुमच्या घरात येऊन गुडघे टेकतो ना! कौलं फुटकी असोत नाहीतर स्लॅब असो, त्या संध्याकाळी ते घर सगळ्यांचं असतं.

आणि एक रीत आहे. सायबीण ज्यांच्याकडे असते, त्यांच्यातलं कोणीतरी सकाळी पुढच्या घरी जाऊन विचारून येतं — आज आणू ना? कोणाकडे आजारपण असतं, कोणाकडे मयत झालेलं असतं. ते ‘यंदा नको’ म्हणाले, की सायबीण त्याच्या पुढच्या घरी जाते. का नको, हे कोणी विचारत नाही. ते विचारणं बरं दिसत नाही, एवढंच. माझं सगळं त्या न विचारण्यावर खपलं.

आमच्यानंतरचं घर फिलूचं.

फिलोमेना — फिलू. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तिची वेणी मी घालायची, माझी तिनं. तिचे वडील आंतोनबाब बोटीवर होते, कामावर असतानाच अंगावरून वारं गेलं आणि कंपनीनं घरी आणून सोडलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन-चार शब्द राहिले होते. बायकोचं नाव, ‘पाणी’, आणि ‘साबीण’. हो, सायबीणच. चर्चच्या पायऱ्या त्यांना चढता यायच्या नाहीत, खुर्चीसकट उचलून न्यायला गेलं तर रडायचे. लाज वाटायची त्यांना. म्हणून मग वर्षभर त्या माणसाचं लक्ष एकाच संध्याकाळकडे असायचं. तो काय चर्चला जाणार होता? चर्चच त्याच्या घरी यायचं.

हे सगळं मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं. नंतर कळलं असं मला म्हणता येत नाही.

आता माझं सांगते. मी तेव्हा बारावी पास होऊन म्हापशाच्या कॉलेजात जायला लागले होते, आणि चर्चच्या युवक मंडळात नुकतीच शिरले होते. मंडळातली बाकीची पोरं इंग्रजी शाळेतली. त्यांची इंग्रजी फाडफाड, माझी अडखळत. माझ्या बाबांचा ट्रक, त्यांच्या घरचे आखातात. जॉयसन म्हणून एक होता, गिटार वाजवायचा, त्याच्याभोवती सगळं फिरायचं. आणि त्याची मामेबहीण ब्रेंडा. काय दिसायची! तिनं केस कापले की पुढच्या रविवारी वाड्यावरच्या चार पोरींचे केस कापलेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ब्रेंडानं मला विचारलं होतं, तू खरंच ख्रिस्तांव आहेस की नुसतीच आली आहेस? सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन न्हाणीत रडले, नळ सोडून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

पण मी चिकाटीची मेली. सहा-आठ महिन्यांत त्यांनी मला घेतलं. गाण्याच्या चमूत घेतलं, सगळ्यांसारखा निळा टी-शर्ट मिळाला, मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये नाव आलं. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? एकोणीस वर्षांच्या पोरीला विचारा, एवढं काय ते. टी-शर्ट मी उशाशी घेऊन झोपले होते. फिलूला पण मीच आणलं मंडळात. ये गो, मजा येते, म्हटलं.

मग केरीची सहल झाली. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो, मधे फेरीबोट. पाद्रीबाबांना सांगून गेलो होतो, गाण्यांची तालीम करतो म्हणून. तालीम कसली! जॉयसननं बाटल्या आणल्या होत्या. गोल करून बसायचं आणि बाटली फिरवायची, ज्याच्याकडे आली त्यानं पिऊन पुढे द्यायची. कोणी जबरदस्ती केली नाही हो. नुसतं बघत राहायचे. तुमच्याकडे बाटली आली की सगळे गप्प व्हायचे आणि बघायचे. मला वास सहन होत नव्हता, तरी मी प्याले. टाळ्या वाजल्या. फिलूकडे बाटली आली तेव्हा तिनं ती झाकण लावून वाळूत ठेवली आणि म्हणाली, मला नको. एवढंच. भाषण नाही, काही नाही.

त्या दिवशी ब्रेंडाला फार झाली. उभं राहता येईना, ओकत होती, आणि जॉयसन स्वतः लटपटत होता, तरी म्हणतो, मी स्कूटरवरून सोडतो हिला. आम्ही सगळे ‘हो, सोड’ म्हणालो. फिलूनं काय केलं? ब्रेंडाच्या वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, येऊन घेऊन जा. ते गाडी घेऊन आले. झालं! ब्रेंडाचं बाहेर जाणं बंद, जॉयसनच्या घरी भांडण, पाद्रीबाबांनी गाणं बंद ठेवलं. पाद्रीबाबांनी फिलूला बोलावून विचारलं, कोण कोण प्यालं? तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्या घरी कधी कळलंच नाही. हे मला नंतर पाद्रीबाबांकडूनच कळलं — मार्ता, म्हणजे मी, चांगली मुलगी, सगळ्यांसमोर म्हणाले, तिच्यासारख्या रहा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग ग्रुपमधून फिलूचं नाव काढून टाकलं. चुगलखोर, जॉयसननं लिहिलं. कोण कोणाच्या बाजूला ते आत्ताच कळू दे. एकेकाचा अंगठा यायला लागला. मी फोन हातात धरून बसले होते. अंगठा नाही दिला तर काय झालं असतं? नाव गेलं असतं. टी-शर्ट राहिला असता पेटीत. बस्स. जीव नसता गेला माझा. मी अंगठा दिला. फिलू तेव्हा आमच्याच पडवीत बसून माझ्या आईला नारळ किसून देत होती.

आणि पंधरवड्यात सायबीण वाड्यावर आली. तिच्यासाठी म्हणून पाद्रीबाबांनी गाणं पुन्हा सुरू करू दिलं, ब्रेंडालाही घरून सोडलं.

आमच्याकडे ती यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी मंडळ कपेलीपुढे जमलं होतं. कपेल म्हणजे वाड्यावरचं आमचं लहान देऊळच म्हणा. जॉयसन म्हणाला, परवा त्या चुगलखोरणीच्या घरी आपण गाणार नाही, उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. पण मोठ्यांसमोर असं उघड करणार कसं? बोंबाबोंब झाली असती. तेव्हा ब्रेंडा माझ्याकडे बघून हसली. किती गोड हसली! म्हणाली, मार्ताच जाणार ना सकाळी विचारायला? फिलूची आई नको म्हणाली म्हणून सांग की. सोप्पं.

आणि पुन्हा सगळे गप्प. सगळे माझ्याकडे बघतायत. बाटली माझ्याकडे आली होती.

मी हो म्हटलं. कोणी हात पिरगळला नाही. कोणी धमकी दिली नाही. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि हो म्हटलं.

सायबीण आमच्याकडे रात्रभर राहिली, आणि सकाळी मी फिलूच्या घरी गेले. वाटेतूनच परत आले असते तरी चाललं असतं ना? पण नाही, आमची स्वारी गेली. कदाचित तिथे जाऊन धीर होईल, असं वाटलं असेल. कशाचा धीर? मला आता आठवत नाही. फिलूची आई, रीतामावशी, बाल्कांव धूत होती — बाल्कांव म्हणजे घरापुढची बसायची जागा. साडी वर खोचलेली, हातात खराटा. फिलू स्टुलावर चढून कागदी चांदण्या बांधत होती. आंतोनबाबांचा निळा कोट — बोटीवरचा, सोनेरी बटणांचा — दोरीवर उन्हात टाकलेला. ते खुर्चीत बसून त्या कोटाकडे बघत होते. मला बघितल्यावर त्यांचं अर्धं तोंड हसलं. साबीण, म्हणाले.

फिलूनं वरूनच हात केला. गेले काही दिवस मी तिला टाळत होते, तिला ते कळलं असणार, तरी हात केला. रीतामावशीनं कपाळावरचा घाम पुसत विचारलं, “किती वाजता आणता गो बाय?”

मी म्हटलं, “साडेसातला.”

तोंडातून निघून गेलं. नको म्हणा, असं कोणाला सांगता येतं? म्हणून त्यांना हो सांगितलं. आणि परत येऊन आईला सांगितलं, यंदा त्यांना नको, आंतोनबाबांना बरं नाही. आई चुकचुकली, बिचारा, म्हणाली, आणि निरोप पुढच्या घरी गेला. पेद्रूमामांकडे. त्यांची धांदल उडाली, पण सायबिणीला नाही कोण म्हणतं?

दिवसभर मी काय केलं? आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल. मी टी-शर्टला इस्त्री केली.

संध्याकाळी मूर्ती माझ्या हातात होती. ज्या घरातून निघते त्या घरच्या मुलीनं ती न्यायची, ही पण रीत. पुढे मी, मागे आई, मग मेणबत्त्यांची रांग, आणि शेवटी गिटार. फिलूचं घर रस्त्यापासून आत, पाणंदीच्या टोकाला. पाणंदीच्या तोंडाशी आलो आणि मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं. सगळे दिवे लागलेले. चांदण्या. बाल्कांवावर पांढरी चादर घातलेलं टेबल, आणि खुर्चीत कोट घातलेला माणूस. रीतामावशी दारात पेटती मेणबत्ती घेऊन उभी, वाऱ्यापासून हातानं ज्योत झाकत. आमची रांग दिसली तशी ती एक पायरी खाली उतरली.

आई म्हणाली, “मार्ता, अगो, दिवे बघ. नको म्हणाली ना ती?”

मी म्हटलं, “डॉक्टर यायचाय गो. म्हणून लावलेत.”

आईनं विश्वास ठेवला. मूर्ती हातात धरून कोणी खोटं बोलेल, असं तिच्या मनात तरी कसं येणार? मागून जॉयसननं गिटारवर पुढचं गाणं जोरात सुरू केलं, आणि आम्ही सगळे पेद्रूमामांच्या घराकडे वळलो. मेणबत्त्यांची अख्खी रांग त्या पाणंदीच्या तोंडाशी येऊन वळली. त्यांना बाल्कांवावरून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसली असणार. चांगली लांब होती रांग.

प्रार्थना झाल्यावर जॉयसननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ब्रेंडानं मला आपल्या शेजारी बसवून घेतलं, चण्यांची पुडी उघडून माझ्यापुढे धरली. आणि मला बरं वाटलं. एवढं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, काय सांगू! भीती वाटली असं लिहून बघितलं, आत कालवत होतं असं लिहून बघितलं. पण नाही हो. त्या संध्याकाळी मला फार फार बरं वाटत होतं. पहिल्यांदाच मी त्यांची होते.

दुसऱ्या दिवशी फिलू आमच्या मागच्या दारी आली. आत आली नाही. आमच्याकडे का आणली नाही, विचारलं. मी म्हटलं, ऐनवेळी मोठ्यांनी ठरवलं, मला नको विचारू. ती जायला वळली. मग म्हणाली, माझ्यामुळे? फोन केला म्हणून?

आणि मी काहीच बोलले नाही. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्रू विस्तवापाशी उभा राहून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, हे मी दर वर्षी ऐकते. तो निदान तोंडानं म्हणाला. मी नुसती परातीतले तांदूळ निवडत राहिले. फिलू गेली ती माझ्या गप्प बसण्यातून समजायचं ते समजून गेली — आपण खरं बोललो म्हणून अख्ख्या वाड्यानं आपल्या बापाला शिक्षा केली. त्यानंतर ती चर्चला आली नाही. एकदाही नाही. आज ती इंग्लंडला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम करते, तिथेही जात नाही, असं तिची आईच मला सांगते. सांगताना डोळे पुसते. देव सुटला तिचा, म्हणते.

तो कोणी सोडवला, हे मला ठाऊक आहे आणि मी तिला म्हणते, येईल हो मावशी, परत वळेल.

आंतोनबाबांनी त्या रात्री कोट काढू दिला नाही. खुर्चीतच झोपले. नंतर त्यांनी ‘साबीण’ म्हणणं सोडलं. पुढच्या ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत, ते गेले. अंगावर तोच कोट घातला होता. वाडा सगळा आला मातीला, आमच्याकडे मयताला यायचं कोणी चुकवत नाही. रीतामावशी दारात उभी राहून म्हणाली, मेल्यावर येता सगळे. लोकांना ते झोंबलं. बाई गर्वाची, म्हणाले. सायबिणीला नको म्हणणारी ती हीच ना! मी शवपेटीजवळ उभी होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. कोणीतरी म्हणालं, पोरीला पाणी द्या, घेरी येतेय तिला. मला पाणी दिलं. मी प्याले.

किती सोपं होतं ते तेव्हा! एक वाक्य. पाणंदीच्या या टोकाला ते लोक, त्या टोकाला हे लोक, आणि मधे मी. दोघांनाही वाटतंय, त्यांना आम्ही नको. आणि दोघेही इतके भले, की विचारायला जात नाहीत.

तुम्हाला वाटत असेल, हे जुनं झालं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. जॉयसन बोटीवर लागला, त्याला दोन मुलं आहेत. ब्रेंडा डिचोलीला दिली, मी तिथेच एका औषधांच्या दुकानात काम करते. मागे एकदा ती खोकल्याचं औषध घ्यायला आली. मी धीर करून विषय काढला, फिलूच्या घरी सायबीण नेली नव्हती ते आठवतं? ती पैसे काढता काढता म्हणाली, कसली सायबीण गो? खरंच आठवत नव्हतं तिला. मला तिचा राग आला, इतका राग आला की सुटे पैसे मी तिच्या हातात न देता काचेवर टाकले. पण राग कसला? तिनं एक वाक्य टाकलं होतं, ती विसरली. बाकीचं सगळं मी केलं होतं.

आणि आता ऐका. आमचे नवे पाद्रीबाब फार हौशी. मी रविवारी मुलांचा धर्माचा वर्ग घेते — हो, मीच — तर यंदा म्हणाले, मार्ताबाय, तरुण पोरांशी संगतीच्या दबावावर बोला. तुमचं ऐकतात. मी बोलले! घसा मोकळा करून बोलले. चार जण म्हणतात म्हणून करू नका, येशू एकटा उभा राहिला, तुम्हीही एकटं उभं राहायला शिका. फळ्यावर लिहिलंसुद्धा. पोरं ऐकत होती. शेवटी एका पोरीनं विचारलं, टीचर, तुम्ही कधी मैत्रिणींसाठी असं काही चुकीचं केलंत? सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी हसले, म्हटलं, केलं ना, पाद्रीबाबांच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या होत्या. पोरं खो खो हसली. पाद्रीबाबही हसले.

नवरा घरजावई म्हणवून घेत नाही, पण आम्ही राहतो आईकडेच. आईचे गुडघे गेले. म्हणजे सायबीण आमच्याकडे आली की सकाळी पुढच्या घरी विचारायला अजून मीच जाते. दर वर्षी. आई म्हणते, रीताला विचारून तर ये, इतकी वर्षं झाली, आता तरी हो म्हणेल. मी जाते. विचारत मात्र नाही, आणि परत येऊन सांगते, नको म्हणाली.

काल गेले होते.

वाटेत मी ठरवलं होतं. दर वर्षीच ठरवते, पण काल जास्त ठरवलं होतं. तो वर्ग घेतल्यापासून मला झोप नाही. पाणंद चढताना शब्दही जुळवले — मावशी, त्या वर्षी वाड्यानं काही ठरवलं नव्हतं, मी खोटं बोलले, सगळे तुमच्याकडे यायला तयार होते. काय अवघड आहे त्यात? आता कोण होतं माझ्याकडे बघत? ना जॉयसन, ना ब्रेंडा, ना टी-शर्ट. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

रीतामावशी बाल्कांवावर बसली होती. केस सगळे पांढरे झालेत. मला बघून उठली, आत जाऊन पेला भरून कोकम सरबत घेऊन आली. दर वर्षी करून ठेवते, मी येणार म्हणून. माझा हात धरून बसवलं. तू एकटीच बरी गो वाड्यात, म्हणाली. त्या वर्षीही तूच आली होतीस विचारायला. बाकीच्यांनी काय केलं ते सोड, तू आली होतीस.

माझ्या तोंडात शब्द होते. शपथ घ्यायचा अधिकार मला नाही, पण होते.

तिनं दर वर्षी विचारते तेच विचारलं. “किती वाजता नेतात गो बाय? तेवढं सांग. मी दिवे घालवून आत बसते. लोक रस्त्यावरून जातात, त्यांना उगाच अवघड नको.”

मी म्हटलं, “साडेसातला.”

घरी येऊन आईला सांगितलं, नको म्हणाली. संध्याकाळी मूर्ती घेऊन मी पुढे चालले, मागे सगळा वाडा गात होता. पाणंदीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्या घरातला शेवटचा दिवा गेला.